डिजिटल पियानोवर स्वतः वाजवलेलं रेकॉर्ड कसं करावं? (मोबाइलचा माइक सोडून बोला)

पांढरी_चार

नमस्कार मंडळी,

राहणार कवळे, फोंडा. भजनाला पेटीची साथ करतो, चवथीला आरत्या, मधूनमधून नाट्यगीतांचा कार्यक्रम. लेकीसाठी घेतलेला डिजिटल पियानो ती शिकायला पुण्याला गेल्यापासून रिकामाच होता, तो आता मी बळकावलाय. रात्री हेडफोन लावून नाट्यपदं वाजवत बसतो, घरात कुणाला त्रास नाही.

आता आपण काय वाजवतो ते बाहेरून ऐकायची इच्छा झाली. मोबाइल पियानोवर ठेवून रेकॉर्ड केलं तर भलतंच ऐकू येतं. सुरांपेक्षा पट्ट्यांचा ठक्-ठक् आवाज जास्त. हळुवार वाजवलेलं आणि जोरकस वाजवलेलं, दोन्ही एकाच मापाचं. आणि संध्याकाळी बसलो की अंतऱ्याच्या ऐन मोक्यावर पोदेर (पाववाला) दारात येऊन भोंगा वाजवतो, पोंय पोंय. पाव लागतातच, त्यामुळे त्याला काही बोलता येत नाही.

यंत्र अगदी साधं, ८८ पट्ट्यांचं. रेकॉर्डचं बटण नाही. मागे यूएसबीचं चौकोनी भोक आहे आणि हेडफोनचं जाड पिनेचं एक. घरात विंडोजचा जुना लॅपटॉप आहे. बजेट दोन-तीन हजार. पणजीच्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी सरळ नवा पियानोच घ्या म्हणून सांगितलं.

कुठली वायर घेऊ? आणि हे 'मिडी, मिडी' म्हणतात ते नक्की काय प्रकरण आहे?

मांडवीकाठ

दुकानदाराला नमस्कार करून घरी या. नवा पियानो नको.

ते चौकोनी भोक प्रिंटरला असतं तेच. घरात जुना प्रिंटर असेल तर त्याची केबल काढून लॅपटॉपला लावा, खर्च शून्य. त्या वायरीतून येतं ते मिडी. त्यात आवाज नसतो. कुठली पट्टी कधी दाबली, किती वेगाने दाबली, कधी सोडली, पेडल कधी खाली गेलं, एवढीच नोंद असते. पट्टी दाबण्याच्या वेगाला १ ते १२७ मध्ये आकडा मिळतो. १९८३ साली हे मानक बाजारात आलं तेव्हा एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकावं एवढाच हेतू होता. आज तुमचा पियानो आणि लॅपटॉप त्याच भाषेत बोलतात.

ही कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. जर्मनीत १९०४ मध्ये वेल्टे-मिन्योन नावाची यंत्रणा आली. वादकाने वाजवलेलं कागदाच्या गुंडाळीवर भोकांच्या रूपाने उतरायचं, आणि ती गुंडाळी लावली की पियानो आपोआप वाजायचा, लहानमोठ्या आघातांसकट. मिडीची फाइल म्हणजे तीच गुंडाळी.

लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका, ६० दिवस चाचणीला मिळतं. ऑडॅसिटी सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यात मिडी रेकॉर्ड होत नाही, त्यात वेळ घालवू नका. फाइल ऐकायला लॅपटॉपमध्ये एखादा पियानोचा आवाज लागेल. सॅलमँडर ग्रँड पियानो फुकट आहे, खऱ्या यामाहा सी-५ वरून घेतलेला, सूर सोळा वेगवेगळ्या आघातांनी नोंदवलेले. तुमच्या पियानोच्या आतल्या आवाजापेक्षा तो बरा वाटण्याची शक्यता खूप.

कुळागर

माझ्या मॉडेलला पेनड्राइव्ह लावून थेट आवाज रेकॉर्ड होतो. बटण दाबा, वाजवा, बटण दाबा. लॅपटॉप नाही, वायर नाही. फाइल डब्ल्यूएव्हीची, मिनिटाला साधारण १० एमबी. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, नाहीतर यंत्र ओळखतच नाही.

ज्यांना अजून घ्यायचाय त्यांनी ही सोय बघून घ्या. दुकानात कुणी सांगत नाही.

मांडवीकाठ

@कुळागर, +१. आणखी एक गोष्ट बघायची: यूएसबीतून फक्त मिडी जातं की आवाजही जातो. यामाहा पी-४५ च्या यूएसबीतून फक्त मिडी जातं. पी-१२५ आणि रोलंड एफपी-३०एक्स यांच्यातून त्याच एका केबलने आवाजही जातो. बाहेरून भोक सारखंच, आतलं काम वेगळं. मॅन्युअलमध्ये 'यूएसबी ऑडिओ' असा उल्लेख शोधा.

पांढरी_चार

केबल मिळाली, प्रिंटर कधीचाच बंद पडला होता. रीपर टाकलं, तो सॅलमँडरही उतरवला. लॅपटॉपवर आवाज येतो! पण दोन भानगडी आहेत. पट्टी दाबल्यावर लॅपटॉपचा सूर उशिरा येतो, साथीदार झोपलाय असं वाटतं. आणि पियानोचा स्वतःचा आवाज वेगळा चालूच, त्यामुळे प्रत्येक सूर दोनदा. तान घेतली की नुसता गलका.

मांडवीकाठ

दोन्हीवर एकच उपाय: वाजवताना लॅपटॉपचा आवाज बंद ठेवा. पियानोला हेडफोन लावून पियानोचाच आवाज ऐका. मिडीची नोंद तरीही होतच राहते, तिला आवाजाशी देणंघेणं नाही. वाजवून झालं की लॅपटॉपचा आवाज उघडा आणि ऐका. ऐकताना उशिराचा प्रश्नच येत नाही.

लॅपटॉपचा आवाज ऐकतच वाजवायचं असेल तर 'एसिओ४ऑल' हा फुकट ड्रायव्हर टाकून बफर (आवाज पुढे सोडण्याआधी लॅपटॉप साठवतो तो तुकडा) १२८ नमुन्यांवर आणा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने तो जेमतेम ३ मिलिसेकंद होतो. जाण्यायेण्यात आणखी थोडी भर पडते, तरी बोटांना सहन होईल इतकंच. जुना लॅपटॉप १२८ ला फटफटू लागला तर २५६. मग पियानोवर 'लोकल ऑफ' करा (पट्ट्या दाबल्या तरी यंत्राचा स्वतःचा आवाज येत नाही) किंवा त्याचा आवाज शून्यावर न्या, म्हणजे दुसरा सूर गेला.

आणि ब्लूटूथचे इअरफोन नकोत. दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर तिथेच होतो आणि लोक लॅपटॉपला शिव्या घालतात.

शेतकार_३

वाचतोय. एक शंका, थोडी खवचट समजा. मिडीमध्ये म्हणे चुकलेला सूर नंतर माऊसने उचलून बरोबर जागी ठेवता येतो. लय हलली असेल तर एका बटणाने सरळ. मग ते 'स्वतःचं वादन' उरलं कुठे? आमच्या वेळी आकाशवाणीच्या स्टुडिओत लाल दिवा लागला की लागला. चुकलात तर चुकलात.

मांडवीकाठ

काका, बटण आहे म्हणून दाबलंच पाहिजे असं थोडंच आहे? लोकांना ऐकवताना कुणी दुरुस्ती केली तर तो त्याचा आणि श्रोत्यांचा प्रश्न. इथे धागाकर्त्यांना स्वतःला ऐकायचंय. स्वतःपुरत्या फाइलला कशाला रंगरंगोटी करतील?

शेतकार_३

करतात. माणूस आरशासमोरही पोट आत घेतो.

बोरीकर

:)) काकांना शंभर पैकी शंभर.

पण मला धागाकर्त्यांशी वेगळं बोलायचंय, कारण मीही पेटीवालाच. आमच्या बोरी गावचे पं. तुळशीदास बोरकर, २०१६ ची पद्मश्री, त्यांची साथ ऐकलेल्यांना सांगायला नको की पेटी किती हळुवार होऊ शकते. पण पेटीत तो हळुवारपणा भात्यातून येतो. डावा हात हवा सोडतो, त्यावर आवाज लहानमोठा होतो. उजव्या हाताने पट्टी अलगद दाबली काय नि आपटली काय, पेटीला पत्ताच नसतो. वर्षानुवर्षं पेटी वाजवलेला हात म्हणून पियानोवर आला की आंधळा असतो. चपळ असतो, तयार असतो, पण वजनाचं भान नसतं. आणि डाव्या हाताला तर पट्ट्यांची सवयच नाही, तो आजवर भाता मारत आलाय.

मिडीची खरी मजा इथे आहे. रीपरमध्ये ती फाइल दोनदा क्लिक करून उघडा. वर सुरांचे आडवे तुकडे दिसतील आणि खाली प्रत्येक सुराखाली एकेक उभी काडी. काडी जितकी उंच तितका आघात जोरात. आधी ऐकू नका, नुसत्या काड्या बघा. काय दिसतं ते इथे लिहा.

पांढरी_चार

बोरीकर, बघितल्या काड्या. रात्री साडेअकरापर्यंत तेच करत होतो. बायको म्हणाली, शेअर बाजारात पडलात की काय?

यमनमधलं एक पद वाजवलं होतं. अंगठ्याने वाजवलेला प्रत्येक सूर ९५ ते १०५ आणि अनामिकेचा ६० च्या आसपास. नियमाने! कुठलाही सूर असो, अंगठा आला की काडी वर. चढत्या तानेत अंगठा खालून जिथे जिथे येतो तिथे खांब उभा, मग उतार, मग पुन्हा खांब. म्हणजे जोर सुराच्या महत्त्वावर ठरत नव्हता, बोटावर ठरत होता. समेवर मी जोर देतोय असं मला वाटत होतं, तिथे काडी ६२, कारण तिथे अनामिका पडते.

दुसरं म्हणजे तुकड्यांची लांबी. पेटीवर पुढची पट्टी दाबेपर्यंत आधीची धरून ठेवायची सवय, सूर तुटू नये म्हणून. इथे दोन-दोन सूर एकमेकांवर चढलेले, त्यात वर पेडल. ऐकताना मला ते 'भरलेलं' वाटायचं. चित्रात नुसता चिखल दिसतो.

बोरीकर

आता पेडल काढा, महिनाभर तरी. लांब सुराचं पेटीवाल्यांना फार जड जातं, कारण पेटी हवा आहे तोवर गाते आणि पियानोचा सूर जन्मल्या क्षणापासून विरायला लागतो. मग आपण घाबरून पुन्हा पुन्हा पट्टी मारतो किंवा पेडल दाबून गोंधळ साठवतो. नाट्यपदातला ठहराव तसाच राहू द्या, सूर विरला तर विरू द्या.

अंगठ्यासाठी साधे सपाट अलंकार, अगदी हळू, आणि सगळ्या काड्या ७० च्या आसपास आणण्याचा प्रयत्न. कानाने जमतं तोवर काड्या बघू नका, आठवड्यातून एकदा ताडून बघा. रोज बघितलं की माणूस काड्यांसाठी वाजवू लागतो.

शेतकार_३

हे पटलं. दुरुस्तीपेक्षा तपासणी बरी. माझा आक्षेप अर्धा मागे.

खाजन

उशिरा आलो. मिडी छान, पण मला आवाजच रेकॉर्ड करायला आवडतो. पियानोतून जे निघतं तेच फाइलमध्ये, नंतर लॅपटॉपमधला दुसरा पियानो लावायचा नाही. धागाकर्त्यांच्या यंत्रात ते हेडफोनच्या भोकातूनच करावं लागेल. बेहरिंगरचं यूसीए२०२ ही छोटी डबी (बाहेरचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी, म्हणजेच इंटरफेस) तुमच्या बजेटच्या आसपास मिळावी. तिला लाल-पांढरी आरसीए भोकं असतात, जुन्या डीव्हीडी प्लेअरला असायची तशी. जाड स्टिरिओ पिनेतून दोन आरसीए निघतात अशी वायर घ्या. डबी यूएसबीने लॅपटॉपला, आणि इथे ऑडॅसिटी चालते.

एक सापळा सांगून ठेवतो, कारण यात अनेक जण अडकतात. काही जणांकडे मोठं इंटरफेस असतं, जाड पिनेची भोकं असलेलं. हेडफोनच्या भोकातून एकच स्टिरिओ वायर काढून ते तिच्या एका भोकात घालतात. बसते नीट, आवाजही येतो, पण पियानो पोकळ, लांबच्या खोलीतून आल्यासारखा. कारण ते भोक 'बॅलन्स्ड' असतं, ते पिनेच्या एका भागातल्या आवाजातून दुसऱ्या भागातला वजा करतं. डावं वजा उजवं. दोन्ही बाजूंना जे समान असतं, म्हणजे पियानोचा गाभा, ते नाहीसं होतं. लोक मग इक्वलायझर फिरवत बसतात. उपाय वायरीतच आहे: एका स्टिरिओ पिनेच्या दोन मोनो पिना, डावी एका भोकात, उजवी दुसऱ्यात.

हेडफोनची पिन लावली की पियानोचे स्पीकर बंद होतात, तेव्हा ऐकायचं इंटरफेसच्या हेडफोनातून. आणि पियानोच्या आवाजाच्या बटणावर रेकॉर्डिंगची पातळी ठरते. एकदा सर्वात जोरकस तुकडा वाजवून काटा -६ ते -१२ डेसिबलच्या मध्ये येईल असं लावा आणि बटणाशेजारी पेन्सिलने खूण करा. लाल दिवा लागू द्यायचा नाही. कमी पातळी नंतर वाढवता येते, पण फुटलेला आवाज सांधता येत नाही.

आवडाबाय

खाजनभाऊ, तसं केलंय मी. पण मागे सतत 'घूं' येतं. कुठून येतं ते?

खाजन

ताई, लॅपटॉप चार्जरला लावलेला असतो ना? काढा आणि बॅटरीवर चालवून बघा.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती वायरीत शिरली की खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळ एक सूर धरून बसते. तो भूपाची साथ करत नाही, फक्त त्रास देतो. चार्जरची जमीन एका वाटेने, पियानोची दुसऱ्या वाटेने, असं चक्र झालं की हे होतं. चार्जर काढल्यावर गेलं तर कारण सापडलं. नाही गेलं तर पियानो आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा, आणि आवाजाची वायर अॅडॅप्टरच्या वायरीपासून लांब ठेवा. चार्जरची तिसरी पिन मोडून टाकायचा सल्ला कुणी दिला तर मात्र ऐकू नका. घूं परवडलं, झटका नको. पावसाळ्यात भिंती ओल्या असतात, हे गोंयकाराला वेगळं सांगायला नको.

मिडीच्या केबलीत हे घूं येतच नाही, हेही मांडवीकाठांच्या बाजूने सांगून टाकतो.

आवडाबाय

चार्जर काढला, घूं गेलं! देव बरें करूं.

म्हापशाची_आई

थोडं अवांतर, पण इथेच विचारते. मुलगी एबीआरएसएमच्या (लंडनच्या संगीत परीक्षा मंडळाच्या) परीक्षेला बसतेय, तो व्हिडिओ पाठवायचा प्रकार. शिक्षक म्हणतात डिजिटल चालेल. पण मोबाइलच्या व्हिडिओत पियानोचा आवाज फार वाईट येतो. काय करू?

मांडवीकाठ

ताई, २०२० पासून सुरू झालेली ती परफॉर्मन्स ग्रेड. चार तुकडे, सलग एकाच रेकॉर्डिंगमध्ये, मध्ये थांबवायचं नाही, कापाकापी चालत नाही. म्हणून इथे सांगितलेले वायरीचे प्रयोग तिच्या व्हिडिओवर करू नका. वेगळा आवाज घेऊन नंतर जोडणं म्हणजे संपादनच, विषाची परीक्षा कशाला? मंडळाची चालू नियमावली आधी शिक्षकांबरोबर वाचून घ्या.

मोबाइलवरच आवाज सुधारता येतो. फोनचा कॅमेरा मुळात बोलणं टिपण्यासाठी जुळवलेला असतो. हळू आवाज आपोआप वर ओढतो, मोठा खाली दाबतो, आणि सूर विरत गेला की त्याला 'गोंगाट' समजून कापतो. धागाकर्त्यांची 'सगळं एकाच मापाचं' ही तक्रार त्यातलीच. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे अॅप घ्या, सेटिंगमध्ये ऑडिओ सोर्स 'अनप्रोसेस्ड' करा. सगळ्या फोनना जमत नाही, पण जमलं तर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फोन पियानोवर ठेवू नका, पट्ट्यांची ठकठक लाकडातूनच चढते. वेगळ्या स्टँडवर, बाजूला, चारेक फुटांवर, हात, पट्ट्या आणि पाय दिसतील असा. पंखा बंद. खिडकीला जाड पडदा असेल तर ओढा.

कुळागर

आणि पोदेर येऊन गेल्यावर.

म्हापशाची_आई

हो, आमचाही नेमका साडेपाचला! खूप आभार.

मांडवीकाठ

परीक्षेचा नाही, साधा घरगुती व्हिडिओ असेल तर मात्र जोडायची युक्ती सांगतो. चित्र मोबाइलवर, आवाज वायरीने. नंतर जुळवायला लोक टाळी वाजवतात, पण वायरीत टाळी येत नाही. सुरुवातीला वरची एक पट्टी झटकन मारून सोडा. वायरीत तिचा सूर येतो, मोबाइलमध्ये तिचा ठक् आवाज. दोन्ही एका रेषेत आणले की काम झालं. धागाकर्त्यांना त्रास देणारी ठकठक इथे उपयोगी पडते.

साश्टीकर

मला मिडीवरून स्टाफ नोटेशन हवंय. म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली तर पानभर चौसष्टांश विरामच्या विराम. कुणाला वाचता येईल असं काहीच नाही. आमच्या साश्टीत चर्चच्या शाळांत पिढ्यान् पिढ्या सोल्फेज (पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून गाणं) शिकवलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी त्या शिदोरीवर हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांसाठी पानंच्या पानं लिहिली. तेवढं नाही, पण आपल्या एका पदाचं पान तरी नीट व्हावं!

मांडवीकाठ

माणूस लयीत खेळतो, संगणकाला ते कळत नाही. समेच्या किंचित मागे घेतलेला सूर तो इमानाने 'एक चौसष्टांश उशिरा' असा लिहितो. नोटेशनसाठी वेगळं रेकॉर्डिंग करा: रीपरचा मेट्रोनोम लावून, सरळ, लाडिकपणा न करता. मग क्वांटाइझ करून सूर आठव्या किंवा सोळाव्या भागावर बसवा, आणि ती फाइल म्यूझस्कोरला द्या. डावा-उजवा हात वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतला तर दोन हातांच्या दोन स्टाफचं पान आपोआप नीट पडतं. कण, मुरक्या मात्र हाताने लिहा.

@शेतकार_३, इथे ते एका बटणाने लय सरळ करणं कामाला आलं बघा.

शेतकार_३

कागदापुरतं माफ.

पांढरी_चार

मंडळी, पुढचा प्रश्न. तानपुऱ्याचं अॅप लावून त्यावर वाजवलं, सा पांढरी चार. दोन्ही ४४० ला मिळवलेले. षड्ज जुळतो, पंचम जुळतो, पण गांधार टोचतो. हेडफोनात तर फारच. अॅप बिघडलंय का?

बोरीकर

अॅप शाबूत आहे. पियानोचा गांधार तसाच असतो. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले, त्यात शुद्ध गांधार सा पासून ४०० सेंटवर (अख्खं सप्तक म्हणजे १२०० सेंट). तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार ३८६ वर. १४ सेंटचा फरक. तुमच्या पांढरी चारला हिशेब केला तर तारेचा तो गांधार ८७३ हर्ट्झवर गुणगुणतो आणि पियानोचा ८८० वर, दोन्ही एकत्र आले की सेकंदाला सातेक लाटा उठतात. तेच टोचतं. आपली गांधार ट्यूनिंगची पेटी याच कारणाने निघाली, तुमच्याकडे असेलच. पेटीवर ते टोचणं तुमच्या कानाला नाही, म्हणून इथे जास्त जाणवलं.

तुमच्या यंत्रात स्वर बदलायची सोय असेल तर बघा, मधल्या आणि वरच्या मॉडेलना असते. नसेल तर मिडी आहेच. वाजवलेली फाइल लॅपटॉपमधल्या पियानोला देताना गांधार खाली उतरवता येतो. पियानोटेक या सॉफ्टवेअर पियानोच्या वरच्या आवृत्त्यांत ही सोय आहे, पण ते विकत घ्यावं लागतं. फुकटचा उपाय म्हणजे तानपुऱ्याचा आवाज निम्मा करा, किंवा तानपुरा न लावता नुसता सा-प चा स्वर ठेवा.

पांढरी_चार

नुसता सा-प लावला. बराच निवळला.

आवडाबाय

पावसाचं कुणी बोललंच नाही. आमच्या घरावर कौलं आहेत. जूनपासून माइकने काही करायचं म्हटलं की नुसती सर ऐकू येते. वायरीने घेतल्यामुळे यंदा पावसातही चालू आहे, हे मला फार आवडलं. पण वीज जाते त्याचं काय?

खाजन

लॅपटॉप बॅटरीवर असतो त्यामुळे फाइल तरी वाचते, पियानो बंद पडला तरी तोवरचं राहतं. पेनड्राइव्हवर थेट घेणाऱ्यांनी जपा. मध्येच वीज गेली तर फाइल नीट बंद होत नाही आणि पुष्कळदा उघडतच नाही. लांबलचक एक रेकॉर्डिंग करण्यापेक्षा एकेक पद वेगळं घ्या. इन्व्हर्टरवर पियानो चालतो, पण काही इन्व्हर्टरचा आवाज वायरीत चढतो, तेव्हा ती रात्र मिडीची समजा.

लाकडी पियानो पावसात सूर सोडतो तसा डिजिटल सोडत नाही, पण पट्ट्यांखालच्या संपर्कांना दमट हवा मानवत नाही. एखादी पट्टी अचानक १२७ नेच वाजू लागली किंवा वाजेनाशी झाली तर बोटाला दोष देण्याआधी मिडीत बघा. काडी एकाच पट्टीची वेडीवाकडी असेल तर रोग यंत्राचा. समुद्रावरचा वारा येणाऱ्या खिडकीजवळ ठेवू नका, झाकण घाला, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि अधूनमधून त्या बदला. रोज वाजवणं हाही उपाय आहेच.

म्हापशाची_आई

लेकीचे काड्यांचे फोटो शिक्षकांना दाखवले, त्यांना इतके आवडले की बाकीच्या मुलांचेही मागितलेत. आता तिला राग आलाय माझा.

पांढरी_चार

शेवटचं विचारतो. लेकीला पुण्याला पाठवलं व्हॉट्सअॅपवर. ती म्हणते, "बाबा, टिनाच्या डब्यात वाजवल्यासारखं येतंय." इथे लॅपटॉपवर तर छान ऐकू येतं.

मांडवीकाठ

व्हॉइस नोट म्हणून पाठवलंत का? ती बोलण्यासाठी आहे, आवाज फार दाबते. रीपरमधून 'रेंडर' करून एमपी३ काढा, ३२० केबीपीएसला. मग व्हॉट्सअॅपमध्ये क्लिपचं चिन्ह, तिथे 'डॉक्युमेंट', आणि ती फाइल निवडा. डॉक्युमेंट म्हणून गेली की जशीच्या तशी पोचते. मिडीची फाइल पाठवू नका, तिच्या फोनला बहुधा ती कळायची नाही, आणि कळलीच तर भलत्याच वाद्यावर वाजेल.